तिऱ्हाइताचा विमा



बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या नाक्यावर घटकाभर उभे राहून पाहा. एका मोटारसायकलवर नवराबायको आणि पुढे टाकीवर मूल. मागोमाग ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तिच्यात दहाबारा मजूर. त्यामागून वऱ्हाडाने खच्चून भरलेला टेम्पो. यांपैकी कोणालाही थांबवून विचारा, "गाडीचा विमा उतरवला आहे का?" उत्तर येईल, "आहे की! दर वर्षी भरतो." मग दुसरा प्रश्न विचारा, "पण तो विमा आहे कोणासाठी?" इथे मात्र बहुतेकजण घुटमळतात. कोणी म्हणेल गाडीसाठी, कोणी म्हणेल माझ्यासाठी, आणि एखादा मोकळ्या मनाचा गृहस्थ सांगेल, "अहो, पोलिसाने अडवले तर दाखवायचा कागद तो!"

ही उत्तरे ऐकून हसू येईल. पण अपघात झाला म्हणजे याच अज्ञानापायी घरेच्या घरे रस्त्यावर येतात. विमा आहे म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि ऐन वेळी कळते की विमा होता खरा, पण तो आपल्या माणसासाठी नव्हताच. असे का होते? हा विषय कायद्याचा वाटला, तरी त्याची किल्ली इतिहासात आहे. म्हणून आधी थोडे मागे जाऊ.

विम्याची कल्पना मोटारीहून पुष्कळ जुनी. ती वाढली समुद्रावर. एका व्यापाऱ्याचे जहाज बुडाले तर तो एकटाच धुळीला मिळू नये, म्हणून अनेकांनी थोडे थोडे ओझे वाटून घ्यायचे, हे तिचे सार. आपल्या खेड्यातली सावड किंवा इर्जिक आठवा. आज तुमच्या शेतात दहाजण, उद्या माझ्या शेतात दहाजण. विम्यात श्रमाऐवजी पैसा एकत्र येतो, इतकाच फरक. लंडनमध्ये लॉइड्स नावाचा विम्याचा प्रसिद्ध बाजार आहे. तो मुळात एका कॉफीच्या दुकानातून वाढला आणि जहाजांच्या विम्यावर मोठा झाला. या बाजारात १९०४ साली पहिल्यांदा मोटारीचा विमा उतरवला गेला, तेव्हा त्यासाठी वेगळा कागदच तयार नव्हता. मग काय केले? जहाजाच्या विम्याचाच नमुना घेतला आणि मोटार म्हणजे कोरड्या जमिनीवर चालणारे जहाज, असे मानून काम भागवले!

गंमत सोडून दिली तर यात एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. जहाजाचा विमा हा मालकाच्या मालाचा विमा. त्याच वळणावर मोटारीचाही विमा प्रथम मुख्यतः मालकाच्या सोयीसाठी होता. मोटार महाग, ती श्रीमंताची. ती जळाली, चोरीस गेली, झाडावर आदळली, तर मालकाचे नुकसान भरून यावे, एवढा साधा हेतू.

पण रस्ता म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रावर पायी चालणारी माणसे नसतात, रस्त्यावर असतात. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई आपल्या मुलीसह समारंभ पाहायला आली होती. तिथे प्रदर्शनासाठी आणलेल्या एका मोटारीचा धक्का बसून ती मरण पावली. मोटारीच्या धक्क्याने मेलेली ब्रिटनमधली ही पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत हा केवळ अपघात ठरला. त्या वेळी कोणाला कल्पना नव्हती की पुढे हे रोजचेच होणार आहे. १९३० साली एकट्या ब्रिटनमध्ये रस्त्यावर सात हजारांहून अधिक माणसे मेली, आणि तेव्हा तिथे मोटारवाहने होती जेमतेम तेवीस लाख.

आता प्रश्न असा, की मेलेल्या माणसाच्या बायकामुलांनी जायचे कोणाकडे? हक्क होता. आपल्या देशात तर १८५५ सालीच प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या वारसांना भरपाई मागता येईल, असे त्यात म्हटले होते. त्याआधी दोन वर्षे बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली होती, म्हणजे यंत्रयुग दाराशी आलेच होते. पण हक्क असणे वेगळे आणि पदरात पडणे वेगळे. दावा जिंकला आणि मोटारवाला निघाला कफल्लक, तर तो हुकूमनामा घेऊन करायचे काय? भिंतीवर लावायचा?

या पेचातून 'तिऱ्हाइता'चा विमा जन्माला आला. विमा हा करार. त्यातला पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा पक्ष विमा कंपनी. या दोघांच्या बाहेरचा, करारावर ज्याची सही नाही, ज्याने हप्ता भरलेला नाही, ज्याला कदाचित कराराची वार्ताही नाही, असा रस्त्यावरचा माणूस म्हणजे तिसरा पक्ष. इंग्रजीतले 'थर्ड पार्टी' ते हेच. मराठीत आपण तिऱ्हाईत म्हणतो. तिऱ्हाईत म्हणजे ज्याचा आपल्याशी संबंध नाही तो. ब्रिटनने १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने ठरवले की या तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेची जबाबदारी पेलणारा विमा उतरवल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही. त्याच वर्षी दुसरा कायदा करून मालक दिवाळखोर निघाला तरी तिऱ्हाइताला थेट विमा कंपनीकडे मागणी करण्याची वाट दिली. मालकाची गाडी विम्याने राखायची की नाही, हा त्याचा खासगी प्रश्न; पण रस्त्यावरच्या माणसाची भरपाई हा सार्वजनिक प्रश्न. सक्ती झाली ती या दुसऱ्यासाठी. हे एक वाक्य ध्यानात ठेवा. पुढचे सगळे त्यातूनच उलगडते.

आपल्याकडे १९१४ साली मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा झाला. त्यात नोंदणी होती, परवाना होता. विम्याची सक्ती नव्हती. ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या आठव्या प्रकरणात आली, आणि प्रत्यक्ष अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ पासून. म्हणजे कायदा झाल्यावरही सात वर्षे रस्त्यावरचा माणूस वाऱ्यावरच होता. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची सोय झाली, त्यामुळे गरिबाला दिवाणी कोर्टाच्या लांबलचक फेऱ्यांतून आणि भारी कोर्ट फीमधून थोडी सुटका मिळाली. १९७३ च्या आरंभी सरकारने १०७ विमा संस्था एकत्र करून चार सरकारी कंपन्या केल्या. २००० सालानंतर हे क्षेत्र पुन्हा खासगी कंपन्यांना खुले झाले. १९८२ साली आणखी एक मोठे पाऊल पडले. चूक कोणाची हे सिद्ध होण्याची वाट न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये द्यावेत, असे ठरले. आजचा कायदा १९८८ चा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि चूक सिद्ध न करता मागता येणारी रक्कम मृत्यूसाठी ५ लाख व जबर दुखापतीसाठी अडीच लाख झाली.

या कायद्यामागची भूमिका काय, हे एका खटल्यात स्पष्ट झाले. एका मालट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानात खायला आणायला उतरला. मागे राहिलेल्या क्लीनरने गाडी हाकली. त्याच्याकडे परवाना नव्हता. एक माणूस प्राणास मुकला. कंपनी म्हणाली, विनापरवाना माणूस गाडी चालवत होता, आम्ही पैसे देणार नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मालकाने परवानाधारक ड्रायव्हर नेमला होता, त्याने जाणूनबुजून अट मोडली नव्हती; आणि विम्याची सक्ती समाजातल्या माणसाला प्रत्यक्ष भरपाई मिळावी म्हणून आहे, असे न्यायालयाने बजावले.

इतका इतिहास ध्यानात आला म्हणजे विम्याचे प्रकार समजायला अवघड नाहीत. मुख्य प्रकार तीनच आहेत.

पहिला, तिऱ्हाइतापुरता विमा. पॉलिसीवर 'लायबिलिटी ओन्ली' किंवा 'थर्ड पार्टी' असे शब्द असतात. हा सक्तीचा. तुमच्या गाडीने दुसरा मेला, जखमी झाला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेची, म्हणजे त्याची गाडी, भिंत, बैलगाडी यांची नुकसानीही मिळते, पण तिला मर्यादा असते. याचा हप्ता कंपनी आपल्या मनाने ठरवत नाही, तो सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला हा हप्ता वर्षाला ७१४ रुपये होता. पण तुमची स्वतःची गाडी मोडली, जळाली, चोरीला गेली, तर या विम्यातून एक पैसाही मिळत नाही.

दुसरा, स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा. हा ऐच्छिक, तोच तो जुना जहाजी वळणाचा विमा. आग, वीज, चोरी, दंगा, भूकंप, पूर, वादळ, दरड, अपघात यांनी गाडीचे झालेले नुकसान यात भरून मिळते. झीज आणि यंत्राचा आपोआप झालेला बिघाड यात बसत नाही. दारू पिऊन किंवा परवान्याशिवाय गाडी चालवली तर हा दावा फेटाळला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात गाड्या पुराच्या पाण्यात बुडाल्या, तेव्हा दोन प्रकारच्या विम्यांतला हा फरक ज्याला त्याला कळून चुकला. इथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवून बघू नका. पाणी भरलेले इंजिन चालू केल्यामुळे ते निकामी झाले, तर त्या नुकसानीबद्दल कंपनी हात वर करू शकते. गाडी ओढून न्यावी.

या दुसऱ्या प्रकारात दोन शब्द वारंवार येतात. एक म्हणजे गाडीची विमा किंमत. कागदावर ती 'आय.डी.व्ही.' म्हणून लिहिलेली असते. गाडी जुनी होईल तशी ही किंमत उतरते. २००२ च्या मोटर टॅरिफमधल्या तक्त्याप्रमाणे दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीची किंमत ३० टक्के कमी धरतात. म्हणजे ८०,००० च्या गाडीची विमा किंमत झाली ५६,०००. गाडी चोरीला गेली तर हिशेब या ५६,००० चा, ८०,००० चा नव्हे. हप्ता कमी पडावा म्हणून काहीजण ही किंमत खाली लिहून घेतात आणि पुढे पस्तावतात. दुसरा शब्द 'नो क्लेम बोनस'. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात सवलत. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, ती चढत चढत पाच वर्षांनी ५० टक्के. ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, तिऱ्हाइताच्या हप्त्यावर नाही. आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकली तरी तिचा दाखला घेऊन नव्या गाडीला ती लावता येते. किरकोळ ओरखड्यासाठी दावा करायचा की नाही, हे ही सवलत डोळ्यांपुढे ठेवून ठरवावे.

तिसरा प्रकार म्हणजे वरच्या दोन्हींचा एकत्र विमा. कागदावर 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', आणि बोली भाषेत 'फुल इन्शुरन्स'. यांच्या जोडीला आणखी एक कलम असते, मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघाताचे. मालक स्वतः गाडी चालवताना मेला तर तो तिऱ्हाईत नव्हे, तो पहिला पक्ष. म्हणून तिऱ्हाइताच्या विम्यातून त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही. त्यासाठी ही वेगळी सोय. २०१८ साली तिची रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. हप्ता भरताना हे कलम काढून टाकलेले नाही ना, एवढे पाहावे.

आता नाक्यावरच्या त्या तीन गाड्यांकडे परत येऊ. मोटारसायकलवर मागे बसलेली बायको विम्यात कुठे बसते? तुम्ही म्हणाल, ती तर करारावर सही न केलेली, म्हणजे तिसरा पक्षच की! २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. स्कूटरवर भाडे न देता डबलसीट बसलेल्या माणसाची जबाबदारी केवळ कायद्यापुरत्या, म्हणजे तिऱ्हाइताच्या, विम्यात येत नाही. एकत्र विमा असेल तर मात्र मागे बसणारा त्यात येतो. विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना हे स्पष्ट केले आहे. थोडक्यात, सर्वांत स्वस्त कागद घेतला, तर रस्त्याने चाललेल्या परक्या माणसाची सोय होते आणि पाठीमागे बसलेल्या घरच्या माणसाची होत नाही. कायद्याला दोष देण्याआधी त्याचा इतिहास आठवा. तो परक्यासाठीच केलेला होता. घरच्यांची काळजी मालक स्वतः घेईल, असे त्याने गृहीत धरले.

ट्रॉलीचेही तसेच. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता असतो, आणि ट्रॉलीचा विमा वेगळा उतरवावा लागतो. मातीने भरलेल्या ट्रॉलीवर बसून वीटभट्टीकडे निघालेला एक मजूर जखमी झाला. त्याचा खटला २००७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विमा फक्त ट्रॅक्टरचा, तोही शेतीपुरता. म्हणून कंपनी जबाबदार नाही, असे ठरले. न्यायालयाने मजुराची गरिबी पाहून, आपले विशेष अधिकार वापरून, कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा हुकूम दिला. मजुराला आधार मिळाला. ओझे शेवटी आले ते मालकावर. आणि टेम्पोतले वऱ्हाड? मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस यांना कायद्याने संरक्षण आहे. फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या उतारूंना नाही. उद्या तो टेम्पो घाटात उलटला, तर भरपाईसाठी टेम्पोवाल्याचे घरदार विकले तरी पुरणार नाही, आणि मेलेल्यांच्या मुलांच्या हाती काही येणार नाही. वऱ्हाडासाठी प्रवासी गाडी करा, हे सांगणे म्हणूनच केवळ शिस्तीचे सांगणे नव्हे.

तेव्हा तुमच्या हाती असलेली गोष्ट कोणती? घरातला विम्याचा कागद काढा आणि पाच गोष्टी वाचा: वर प्रकाराचे नाव काय आहे, मुदत कधी संपते, गाडी कोणत्या कामासाठी नोंदलेली आहे, मागे बसणाऱ्याचा आणि मालक-चालकाचा उल्लेख आहे का, आणि विमा किंमत किती. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीचा तिऱ्हाइताचा विमा पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीचा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे 'पाच वर्षांचा विमा आहे' असे समजून लोक स्वस्थ बसतात. प्रत्यक्षात स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदा एका वर्षातच संपलेला असतो. जुनी गाडी घेतली तर तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. म्हणून १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावे. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती गाडी देऊ नये. त्याने कोणाला उडवले, तर कंपनी तिऱ्हाइताला दिलेले पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते; शिवाय २०१९ पासून पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवला त्याने काय करावे? आधी जखमीचा जीव, मग पोलिसांत खबर. खबर आणि पंचनाम्याची नक्कल, गाडीचा क्रमांक, तिच्या विम्याचा तपशील जपून ठेवावा. न्यायाधिकरणाकडचा अर्ज अपघात झाला त्या जिल्ह्यातच करावा असे नाही. आपण राहतो तिथेही करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून दिवसकार्य आटोपले की दिरंगाई करू नये. ठोकर देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ताच लागला नाही, तरी वाट बंद होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रसंगी मृत्यूसाठी २ लाख आणि जबर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळण्याची योजना आहे. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कचेरीत अर्ज द्यावा लागतो. ही योजना ठाऊक नसल्यामुळे न मागितलेले पैसे कोणी घरी आणून देत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना घरच्या गाडीचा विम्याचा कागद वाचून यायला सांगा. कोणाच्या घरी कोणता प्रकार आहे, मुदत कधी संपते, मागे बसणाऱ्याची सोय आहे का, एवढे पाटीवर किंवा वहीत लिहून आणू द्या. टक्केवारीचे गणितही त्यातच होईल आणि नागरिकशास्त्राचा धडाही. दहा मुलांपैकी एकाच्याही घरी मुदत संपलेली आढळली आणि त्या आठवड्यात ती भरली गेली, तरी तो तास सार्थकी लागला असे समजा.